गुणाबाईच्या हातची बाटली

गुणाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. सर्जिकल वॉर्डातल्या सिस्टर लागायच्या नाहीत, सुपरवायझर तर तिला जिन्यात बघून परत वर चढायचा. बेळगावातल्या एका मोठ्या खाजगी इस्पितळात सव्वीस वर्षं आयाचं काम केलेली बाई ती. माहेर निपाणीकडचं बोरगाव, सासर मच्छे. शिक्षण मराठी सातवी. इंग्रजी वाचता यायचं नाही, पण इस्पितळाच्या कागदांवरचे दहा-वीस शब्द ती चेहऱ्यावरून ओळखायची. कागद रक्ताचा की थुंकीचा की लघवीचा हे लांबूनच सांगायची. नव्या नर्सपोरींना पेशंट कुशीवर कसा वळवायचा ते तीच शिकवायची, आणि शिकवताना शेलक्या शिव्याही द्यायची. "अगं, माणूस हाय त्यो, जोंधळ्याचं पोतं न्हवं!" पोरी कोपऱ्यात जाऊन रडायच्या, पण पुढं जन्मभर पेशंटला नीट वळवायच्या. आता अशा बाईच्या घरात हे असं घडावं, याचा संताप येणार नाही तर काय होईल?

तिचा नवरा परशराम मच्छ्याच्याच औद्योगिक वसाहतीत मोल्डर होता. तीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला गडी. चार वर्षांमागं घरावरचा सरकलेला पत्रा नीट करायला चढला आणि खाली आला तो कमरेवर. कमरेखालचं सगळं गेलं. पाय गेले, लघवीची जाणीव गेली. तेव्हापासून लघवीच्या वाटेत कायमची नळी, आणि नळीला पिशवी.

"गुणाक्का, नशीब तुझं, तुला ही समदी कामं येत्यात," असं गल्लीतल्या बाया म्हणायच्या.

"नशीब म्हणं! लई भारी नशीब. वॉर्डात पण त्येच, घरात पण त्येच," असं म्हणून ती बादली घेऊन आत जायची.

पण कामात कसूर नाही. सकाळी ड्युटीला जायच्या आधी त्याला पुसायचं, कुशी बदलायची, पिशवी रिकामी करायची, ड्युटीवरून आली की पुन्हा तेच. मधल्या वेळेला शेजारची मनुबाई बघायची. चार वर्षांत परशरामच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही या बाईनं. मोठमोठ्या इस्पितळांना जे जमत नाही ते तिनं पत्र्याच्या घरात करून दाखवलं. दर महिन्याला नागेंद्र स्कूटरवरून यायचा आणि नळी बदलून जायचा. नागेंद्र तिच्याच वॉर्डातला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. चहा घ्यायचा, दुसरं काही घ्यायचा नाही.

रविवारी माणसं आजाऱ्याला बघायला यायची. आली की तास-दीड तास बसायची, पडल्याची गोष्ट पहिल्यापासून पुन्हा ऐकायची. परशराम मानी माणूस. पाहुणं दारात दिसलं की पिशवी वर ओढून चादरीखाली मांडीजवळ दडवायचा. आणि गुणाबाई सगळ्यांदेखत चादर बाजूला करायची.

"सोडा ती खाली! वर घेटली की घाण परत पोटात जाती. लाज वाटत आसंल तर पाव्हण्यास्नी भाईर बसवते मी."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठायचे. उठू देत की. तिला काय माहीत नव्हतं असं नव्हतंच मुळी. पिशवी कुठं असावी, नळीला पीळ पडू नये, हात कसे धुवावेत, सगळं तिला पाठ. एक सोडून. पण ते पुढं.

गेल्या वर्षी नळी तुंबायला लागली. महिना टिकणारी नळी पंधरा दिवसांत बंद, मग आठ दिवसांत. नागेंद्रनं काढलेली नळी बोटांत चुरली तर आत पांढरी खरखरीत वाळू आणि बुळबुळीत थर. वास असा उग्र की कल्हईवाल्याचा नवसागर आठवावा. मागोमाग थंडी वाजून ताप. पाय थंडगार पडून राहायचे आणि वरचा निम्मा माणूस खाट हलवायचा. गुणाबाई त्याच्यावर दोन घोंगडी टाकायची आणि वरून स्वतः दाबून धरायची.

डॉक्टर सुहास इस्पितळातलेच लघवीच्या विकारांचे तज्ज्ञ. बेळगावातल्या जुन्या घरातले, सभ्य, आवाज न चढवणारे. आयालासुद्धा अहो-जाहो करायचे. ते म्हणाले, "लघवी कल्चरला पाठवा. कुठला जंतू आहे ते कळलं की त्याच्यावरचं औषध देता येईल." म्हणजे लघवीतला जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघायचा. गुणाबाईनं बाटली भरून आणली, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेच्या खिडकीत दिली. तीन दिवसांनी कागद आला. 'मिक्स्ड ग्रोथ. प्रोबेबल कन्टॅमिनेशन. रिपीट सॅम्पल.'

म्हणजे काय, तर एकाच नमुन्यात दोनापेक्षा जास्त जातींचे जंतू वाढले, बहुतेक बाहेरची घाण मिसळली असावी, नमुना पुन्हा पाठवा. डॉक्टर सुहासनी कागदावरून नजर फिरवली आणि तो टेबलावर उलटा ठेवला.

"मिक्स्ड आहे. याला काही अर्थ नाही गुणाबाई. परत पाठवा. तोवर मागच्याच गोळ्या चालू ठेवू."

मागच्या गोळ्या कशावरच्या? आठ महिन्यांपूर्वी एकदा एकच जंतू सापडला होता, त्याच्यावरच्या. त्या घेतल्या की ताप चार दिवस जायचा आणि पाचव्या दिवशी हजर. गुणाबाईनं दुसऱ्यांदा बाटली दिली, मिक्स्ड. तिसऱ्यांदा दिली, मिक्स्ड. दरवेळी तोच कागद, तीच उलटी ठेवायची पद्धत, त्याच गोळ्या.

"रिपीट, रिपीट! रेडिओ हाय काय?" ती जिन्यात नागेंद्रवर ओरडली. बिचाऱ्या नागेंद्रचा काय दोष?

तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी रक्ताचा कागदही बघितला आणि चष्मा काढला. "किडनीवर यायला लागलंय. असा ताप आणखी एक-दोनदा आला तर मला काही सांगता येणार नाही." गुणाबाई घरी आली. परशरामनं वाडग्यातली आंबील ढवळून ठेवून दिली होती.

"गुणे, काढून टाक गं ती नळी. एकदाचा मोकळा हू दे मला."

"गप खावा. मी जित्ती हाय तवर तुमास्नी जाऊ देत न्हाय," ती म्हणाली, आणि चुलीपाशी पाठ करून उभी राहिली. परशरामनं आंबील संपवली.

दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला आणि तळमजल्यावर गेली. सव्वीस वर्षं त्या खिडकीत बाटल्या दिल्या, पण दाराच्या आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या दिवशी दार ढकलून सरळ आत. तिथं चिन्मयी मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकून बसल्या होत्या. जंतूंच्या डॉक्टर, वय तीस-बत्तीस.

"मॅडम, ह्यो कागद कुणी लिव्हला?"

"सही माझी आहे. का हो?"

"तीनदा सही केलायसा. तीनदा माझा नवरा मरणाच्या दारातनं म्हागारी आलाय. हात साबणानं धुतो आमी, बाटली तुमचीच, झाकण मी उघडून ठेवत न्हाय. मग भाईरची घाण आली कुठनं? माझं घर घाण हाय म्हणतायसा व्हय?"

"तसं नाही हो. बसा आधी. नमुना कुठून घेता तुम्ही?"

"कुठनं म्हंजे? पिशवीतनं. खालचा नळ सोडायचा, बाटली भरायची."

चिन्मयी जागची उठली. "पिशवीतून? अहो, पिशवीत लघवी तासन्‌तास साठलेली असते. तिच्यात वाटेल ते जंतू वाढतात. पिशवीतलं कल्चर करायचंच नसतं. जुनी नळी काढायची, नवी घालायची, आणि नव्या नळीतून येणारी ताजी लघवी बाटलीत धरायची. हे पुस्तकात पहिल्या पानावर असतं."

"पुस्तकात आसंल. वॉर्डात कुणी सांगिटलं?"

गुणाबाई तिथल्या स्टुलावर टेकली. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात एका थोरल्या सिस्टरनं तिला दाखवलं होतं: नळ उघड, बाटली भर, हाताला काही लागत नाही. तेव्हापासून सव्वीस वर्षं तिनं तसंच केलं. रोज दोन, तीन, कधी पाच बाटल्या. किती पोरींना शिकवलं असेल! किती माणसांची लघवी तिनं पिशवीतून घेतली, खाली आणून दिली, किती कागद मिक्स्ड म्हणून वर आले, आणि ती माणसं चुकीच्या गोळ्या घेऊन घरी गेली असतील!

तिला रडू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

"सव्वीस वर्सं पिशवीतनंच आणून दिलोय आमी. तुमी आणि तुमच्या आधीच्या, समद्यांनी 'परत पाठवा' म्हणून लिव्हला. कसं पाठवायचं ते एकानं लिव्हलं न्हाय! यवढा एक जिना चढून वर याला पाय दुखत व्हतं काय तुमचं?"

खाली माहीत होतं, वर माहीत नव्हतं, मधे फक्त बावीस पायऱ्या होत्या. त्या बावीस पायऱ्या इतक्या वर्षांत एक शिकलेला माणूस चढला नाही. ज्यांना सातवीच्या पुढं शिकता आलं नाही त्यांनी मात्र रोज चढायच्या आणि उतरायच्या.

नागेंद्र त्याच संध्याकाळी मच्छ्याला आला. जुनी नळी काढली, नवी घातली, ताजी लघवी बाटलीत धरली. गुणाबाईनं त्याच्याकडून बाटलीवर 'नवी नळी' असं इंग्रजीत लिहून घेतलं आणि पदराखाली धरून, बसमध्ये उभ्यानं, बाटली प्रयोगशाळेत पोचवली. चिन्मयी मॅडम दुसऱ्या दिवशी परीक्षेच्या कामाला हुबळीला जायच्या होत्या, तीन दिवसांनी येणार होत्या.

आणि मग कागद आला. मिक्स्ड ग्रोथ. प्रोबेबल कन्टॅमिनेशन. रिपीट सॅम्पल.

काय झालं होतं, तर प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक नियम चिकटवलेला होता: दोनापेक्षा जास्त जाती दिसल्या तर नमुना खराब धरावा, पुढं तपासू नये. तिथल्या तंत्रज्ञ पोरानं जंतू वाढवायच्या ताटल्या बघितल्या, जाती मोजल्या, कागद छापला. बाटलीवर काय लिहिलंय ते वाचायचं त्याच्या कामात येत नव्हतं.

"साहेब, ह्यो नव्या नळीचा हाय," गुणाबाई डॉक्टर सुहासना म्हणाली.

"असेल हो. पण मिक्स्ड म्हटल्यावर मी काय करणार? परत एकदा पाठवा." आणि कागद उलटा ठेवला.

या वेळी ती ओरडली नाही. तिनं हात पुढं करून तो कागद सुलटा केला, उचलला आणि बाहेर पडली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी आठला ती प्रयोगशाळेच्या दाराला पाठ लावून बसली. चिन्मयी मॅडम आल्या, त्यांनी कागद बघितला आणि पिशवी खांद्यावरून न काढताच आत धावल्या. वाढवलेल्या जंतूंच्या ताटल्या लाल पिशवीत भरल्या होत्या, उकडून फेकायला निघाल्या होत्या. चिन्मयीनं परशरामच्या तेवढ्या बाहेर काढल्या आणि उजेडात धरल्या.

"हा बघा पहिला. ताटलीभर लाटा काढत पसरलाय. हा लघवीतला युरिया फोडतो, त्यानं लघवीचा गुण बदलतो आणि क्षार खाली बसतात. तीच तुमची वाळू. हा दुसरा एकटा असता तर फार त्रास दिला नसता, पण पहिल्याच्या जोडीला आला की पहिल्याचं काम दुप्पट जोरानं चालतं. हा तिसरा नळीला चिकटून थर धरतो, त्या थराखाली तिघंही बसतात. सरांच्या गोळीनं त्यातला एक दबतो. बाकीचे दोघं जागा राखून ठेवतात, चार दिवसांनी तो परत उठतो."

"म्हंजे तिघं मिळून खायालेत माझ्या नवऱ्याला."

"हो."

"एक चोर घावला आस्ता तर धरला आस्तासा. तीन दिसलं म्हणून सोडून दिलासा?"

चिन्मयीचा चेहरा पडला. "तो नियम नळी नसलेल्या माणसांसाठी आहे, गुणाक्का. नळी असलेल्यांत दोन-तीन जंतू मिळून असणं नेहमीचं आहे. मला माहीत होतं. भिंतीवरचा कागद बदलायचा राहून गेला."

राहून गेला! गॅसचा नंबर लावायचा राहून जातो, दुधाची पिशवी आणायची राहून जाते. ज्यापायी माणसं मरतात तो कागद बदलायचा राहून जातो होय? पण चिन्मयीनं निदान तोंड तरी लपवलं नाही, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. तिनं भिंतीवरचा कागद तिथल्या तिथं फाडला, तिन्ही जंतूंवर कुठलं औषध चालतं ते बघायला ताटल्या पुन्हा लावल्या आणि डॉक्टर सुहासना फोन करून खाली बोलावलं. ते आले. पहिल्यांदाच त्या बावीस पायऱ्या उतरून आले.

तेवढ्यात गुणाबाईचा मोबाइल वाजला. मनुबाई बोलत होती.

"गुणाक्का, लौकर ये गं. सकाळधरनं पिशवीत थेंब न्हाय. पोट दगडागत झालंय, अंगात नुसता ताप."

अँब्युलन्समधून आणेपर्यंत परशरामचे ओठ काळे पडले होते. नागेंद्रनं तुंबलेली नळी काढली तर गढूळ, रक्ताळलेली लघवी धबाधबा आली. नवी नळी पाच दिवसांची होती, पाच! तुंबलेली लघवी उलटी किडनीत गेली आणि तिथून जंतू रक्तात. अतिदक्षता विभागात नेताना त्यानं गुणाबाईचा हात धरला. "ड्युटी चुकली न्हवं गं तुझी?" म्हणाला.

"चुलीत गेली ड्युटी," ती म्हणाली. "डोळं उघडं ठेवा."

रविवारी दुपारी चिन्मयीचा कागद आला. तीन जंतू, तीन नावं, पुढं औषधं. औषध तासाभरात चालू झालं. बरोबर औषध होतं, पहिल्या बाटलीच्या वेळी मिळालं असतं तर चाललं असतं. सोमवारी दुपारी तीनला परशराम गेला.

डॉक्टर सुहासनी मृत्यूचा दाखला भरायला घेतला. गुणाबाई टेबलासमोर उभी होती. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं ते शब्द तिनं लांबून ओळखले. वॉर्डात शेकडो कागदांवर बघितले होते.

"हार्ट बंद पडून मेला म्हणून लिव्हलासा?"

"शेवटी तेच होतं, गुणाबाई."

"समद्यांचं तेच हुतंय, साहेब. मेल्यावर चालू ऱ्हातंय व्हय कुणाचं? कशानं बंद पडलं ते लिव्हा."

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं आणि खालच्या ओळीत लिहायला सुरुवात केली. रक्तात पसरलेला संसर्ग. त्याखाली, लघवीच्या नळीतून झालेला. त्याच्यापुढं तिन्ही जंतूंची नावं. चिन्मयी शेजारी उभी राहून एकेक नाव मोठ्यानं वाचत होती, आणि गुणाबाई प्रत्येक नावावर बोट ठेवत होती.

"आता ह्याच्या खाली लिव्हा. तीन वेळा नमुना पिशवीतनं घेटला. घेणारी, गुणाबाई परशराम नावगेकर."

डॉक्टरांचा हात थांबला. "गुणाबाई, असा रकाना नसतो हो या कागदावर."

"भिंतीवरचा कागद बदलायचा ऱ्हायला, त्येला हाय?"

"नाही."

"आणि चार वेळा रिपोर्ट पालथा घाटला, त्येला?"

डॉक्टर सुहास खाली बघत राहिले. "नाही," ते म्हणाले.

"मग मॅडम, त्या पिशवीतल्या माझ्या बाटल्या सव्वीस वर्सांच्या कुठं लिव्हायच्या? त्या माणसांची नावं पण आठवत न्हाईत मला."

तिनं डॉक्टरांच्या हातातलं पेन घेतलं आणि नातेवाइकाच्या जागी सही केली.